वकिलाची वाणी अठरा

मी तोतरा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. तोंडानं सांगायला गेलो असतो तर एवढ्यात समोरच्याचा चहा पिऊन झाला असता. लिहिताना मात्र तीन शब्दांत काम भागलं.

कोरेगावच्या बाजारपेठेत माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजलीचे फलक, सगळं मीच संगणकावर जुळवतो. म्हणजे दिवसभर लोकांच्या वतीनं मी भरपूर बोलत असतो, फक्त टाइप करून. तोंडानं बोलायची वेळ आली की गाडी अडते. मला विचारायचं असतं, ‘कधी हवंय?’ मी ‘क’वर अडकतो. गिऱ्हाईक लगेच मदतीला धावतं, ‘कलर ना? कलरच करा!’ मग मी मान हलवतो आणि कलरच करतो. लोक वाईट नाहीत हो. फार चांगले आहेत, आणि तिथंच घोडं पेंड खातं. माझं वाक्य पुरं करायला अख्खा तालुका टपून बसलेला असतो.

टाळेबंदीत दुकान बंद होतं, तेव्हा मला एका खेळाचा नाद लागला. घरबसल्या, मोबाइलवर किंवा संगणकावर खेळायचा. एकजण पंच असतो. तो एक जग उभं करतो आणि गोष्ट पुढं नेतो. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि त्या पात्रानं काय केलं ते सांगायचं. पात्राला गुण असतात, बळ, वाणी, नजर, असे. प्रत्येक गुणाला एक आकडा, जास्तीत जास्त वीस. जिथं काम होईल की नाही अशी शंका असेल तिथं वीस पैलूंचा फासा टाकायचा. फाशावरचा आकडा गुणाइतका किंवा त्याहून कमी आला की फत्ते, जास्त आला की फजिती. फासा ॲपच टाकतं आणि आकडा सगळ्यांच्या पडद्यावर एकदम दिसतो, त्यामुळे लपवाछपवी नाही.

आम्ही चौघं होतो. पंच कडेगावचा, ऊस लावणारा, आणि जत्रांच्या मोसमात कुस्तीच्या मैदानात माईकवर निवेदन करणारा. त्यानं उभं केलेलं राज्य सरळसरळ औंधावरून उचललेलं होतं, टेकडीवर देवी आणि खाली राजवाडा, फक्त नाव वेगळं. सांगलीची एक बाई होती, शिकवणीत गणित शिकवायची, म्हणून आम्ही तिला मास्तरीणबाई म्हणायचो. तिचं पात्र म्हणजे एका डोंगरी किल्ल्याचा रांगडा किल्लेदार. वाईचा एक मित्र पैलवान झाला होता. प्रत्यक्षात त्याच्या कमरेला कायम पट्टा असायचा.

आणि मी वकील. कोर्टातला नव्हे, जुन्या काळी राजे एकमेकांच्या दरबारात पाठवायचे तो. पात्र बनवताना वाटायला मोजकेच गुण असतात. मी बळाला काही ठेवलं नाही, नजरेला थोडं दिलं आणि उरलेलं सगळं वाणीवर ओतलं. वाणी अठरा. पंचानं लिहून विचारलं होतं, ‘एवडी वाणी घिऊन काय करणार हाईस?’ मी उत्तर दिलं, ‘बोलणार.’

तेव्हा खेळ सगळा लेखी चालायचा. माझी बोटं भराभर चालतात, धंदाच तो आहे. माझ्या वकिलानं रुसलेल्या जहागीरदारांची मनं वळवली, दोन भावांमधला पाण्याचा तंटा मिटवला, एका म्हातारीला रडता रडता हसवलं. हे सगळं वाचताना माझा ऊर भरून यायचा. त्या वाक्यांना कुणी मध्येच धरायला येत नव्हतं. तो माणूस मीच आहे असं मला वाटायचं, आणि त्यात काही खोटं आहे असं वाटायचं नाही.

मग वाईच्या मित्राची कंबर पुरती धरली. त्याला बसून टाइप करता येईना. इकडे कारखान्याचा हंगाम सुरू झाला, पंच दिवसभर उसाच्या फडात, त्याच्याकडून चार ओळी लिहून यायला चार दिवस लागायला लागले. एकटी मास्तरीणबाई नियमित. तिनंच सुचवलं, दर रविवारी दुपारी सगळ्यांनी ॲपवर आवाजानं जोडून घ्यायचं आणि बोलून खेळायचं. पडल्या पडल्याही बोलता येतं, फडाच्या बांधावरूनही बोलता येतं. वाईच्यानं लगेच हो म्हटलं, पंचानंही म्हटलं. मी तोतरा आहे हे त्यांना माहीत होतं, मीच एकदा लिहिलं होतं. पण लिहिलेलं तोतरेपण कुणाला ऐकू येतं?

मी पण ‘चालेल’ असं लिहिलं. नाही म्हटलं असतं तर त्या कमरेच्या दुखण्याचं काय केलं असतं? पण माझा वकील माझा राहील की नाही, एवढाच प्रश्न होता माझ्यापुरता. खेळ गेला असता तर दुसरा मिळाला असता. तो माणूस दुसरा कुठून आणायचा?

पहिल्या रविवारी वकील जकातीच्या नाक्यावर पोचला. नाकेदार वाट सोडेना. पंच त्याच्या मैदानातल्या भरदार आवाजात म्हणाला, “हां, बोला वकील, काय म्हंता?” मी ‘महाराजांचा माणूस आहे मी’ असं म्हणणार होतो. ‘म’वर अडकलो. तोंड उघडं, मान ताठ, आणि माझा एकटा ‘म’ वाईपासून सांगलीपर्यंत फिरतोय. तिघंही श्वास रोखून बसलेले मला ऐकू येत होते. मग पंच घाईघाईनं म्हणाला, “व्हय, व्हय, कळलं. नाकेदार म्हणतो, जावा तुमी.”

फासा टाकलाच नाही.

त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. पुढच्या रविवारीही तसंच, त्याच्या पुढच्याही. मी तोंड उघडायचा अवकाश की काम झालेलं. सावकारानं मुदत वाढवून दिली, पहारेकऱ्यानं किल्ल्या दिल्या, रागावलेली राणी हसली. वकिलाची वाणी अठरा आहे, त्याला फासा कशाला, असं पंच म्हणायचा. पैलवानाचं बळही अठराच होतं, पण त्याला मात्र प्रत्येक दारापाशी फासा टाकावा लागायचा. हे माझ्या लक्षात यायला लागलं आणि डोकं तापायला लागलं. मी तापट आहे. तोतऱ्या माणसाचा राग कुणाला दिसत नाही, कारण शिवी बाहेर पडेपर्यंत समोरचा घरी पोचलेला असतो.

म्हणून मी पंचाला चाचपून पाहायचं ठरवलं. शत्रूच्या सुभेदाराशी बोलणी होती. मी अडखळत, थुंकी गिळत, वकिलाच्या तोंडून मागणी घातली की आमच्या महाराजांना तुमचा हत्ती आवडलाय, तो फुकट द्या. चांगला माहुतासकट. यावर कुठल्याही सुभेदारानं वकिलाला उचलून बाहेर फेकायला हवं होतं.

“दिला,” पंच म्हणाला.

वाईच्या मित्राला हसू आवरेना. मी जोडणी तोडली आणि गटात एक लांबलचक संदेश टाइप केला. भांडायला मी लेखीच बरा. मी लिहिलं, की ही नुरा कुस्ती आहे. आधीच ठरवून मला जिंकवताय. दुकानात गिऱ्हाईक माझं वाक्य पुरं करतं, इथं तुम्ही माझा विजय पुरा करताय. हत्ती परत घ्या, मला नको.

संध्याकाळी पंचाचा फोन आला. फोन म्हणजे माझा जन्माचा वैरी, पण उचलला.

“गड्या, ऐक नुस्तं, बोलू नगंस,” तो म्हणाला. “आमच्या जत्रंत मोठ्या पावण्याच्या नातवाची कुस्ती लावत्यात. समोरच्या पोराला आदीच सांगून ठिवल्यालं असतंय, पड म्हणून. मी माईकवर बोंबलतो, काय डाव टाकला, काय डाव टाकला! फेटा बांधत्यात, समदी टाळ्या वाजवत्यात. त्यो नातू मातर खाली बगत घरला जातो. त्याला कळल्यालं असतंय. तुज्यासंगं मी त्येच केलं की रं. लय चुकलं.”

मी ‘ठीक आहे’ म्हणायला वेळ घेतला. तो थांबला. मध्ये उसाच्या ट्रॉल्यांचा आवाज येत होता, पण तो थांबला. मोठ्या आवाजाचा माणूस इतका गप्प राहू शकतो हे मला माहीत नव्हतं. त्या फोनबद्दल मी त्याचा आजही ऋणी आहे.

पुढचा आठवडाभर चौघं लेखी वाद घालत बसलो. वाईच्या मित्राचं म्हणणं सरळ होतं. त्यानं पडल्या पडल्या आवाजी संदेश पाठवला, “माझ्या घरातला सिलिंडर बायको उचलते. पण माझा पैलवान दगडी दार खांद्यावर घेतो, तेव्हा मला कुणी विचारतं का, आधी सिलिंडर उचलून दाखव म्हणून? मग यालाच का बोलून दाखवायला लावायचं? फासा टाकू दे, आकडा आला की झालं.” मास्तरीणबाईला ते पटलं नाही. “म्हणजे यानं फासा टाकायचा आणि गप्प बसायचं?” तिनं लिहिलं. “मग तो खेळतोय कशाला? नुसतं बटण दाबायला?” दोघांचंही मला पटत होतं, त्यामुळे आणखीच वैताग.

तेवढ्यात पंचानं हळूच लिहिलं, “आवं बाई, तुमचं बी हाय की.” आणि खरंच होतं. तिच्या किल्लेदाराची वाणी सात होती, रांगडा गडी, तोंडाचा फटकळ. पण बाई बोलायला लागली की शिकवणीतल्या मुलांनाच काय, पंचालाही तिचं पटायचं आणि फासा न टाकताच तिचं काम होऊन जायचं. तिच्या जिभेचं किल्लेदाराला आयतं मिळत होतं आणि माझ्या जिभेपायी वकिलाच्या पदरात भीक पडत होती. वाणीचा आकडा दोघांच्याही बाबतीत कागदावरच राहिला होता.

बाई रागावली असेल असं वाटलं. पण रात्रीच्या जेवणाआधी तिचा नियम आला. आधी फासा, मग बोलणं. काम झालं की बिघडलं हे आकड्यानं ठरेल. ते ठरल्यावर ज्याचं पात्र असेल त्यानं, तसंच का घडलं असेल ते स्वतःच्या तोंडानं बोलून दाखवायचं. चांगलं बोलून आकडा बदलणार नाही आणि अडखळून बोलूनही बदलणार नाही. खाली तिनं लिहिलं होतं, “यात माझाच तोटा आहे, पण हेच बरोबर आहे.”

मी त्यात एक भर घातली. कुणीही माझं वाक्य पुरं करायचं नाही. पंचानं उत्तर दिलं, “जोड झुंजत आसली की मी माईक बंदच ठिवतो.”

नियमाचा पहिला फटका बाईलाच बसला. किल्लेदाराला मुदपाकखान्यातल्या आचाऱ्याला समजवायचं होतं की रसद कमी आहे, जरा पुरवून वापर. फाशावर पंधरा. आता तिला मुद्दाम वाईट बोलायचं होतं आणि ते तिला येईना. दोनदा घसा खाकरून ती म्हणाली, “ए, तुझ्या भाकऱ्या बघितल्या की मला वाटतं तोफेचे गोळे संपले तरी चालेल!” आचारी चुलीवर पाणी ओतून गड उतरला, मागोमाग त्याची माणसंही. वाईचा मित्र हसता हसता कमरेच्या कळेनं ओरडला. बाई म्हणाली की आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाला असं टाकून बोलली, आणि फार बरं वाटलं.

मग माझी पाळी आली. शेजारच्या राज्याच्या राणीचा दरबार. फाशावर नऊ आला, म्हणजे काम झालेलं. आता बोलायचं होतं. आणि एक वेगळीच गोष्ट झाली. काम होणारच आहे हे आधी कळलेलं असल्यामुळे माझा घसा जरा सैल झाला. अडखळायचं थांबलं नाही, छे! पाच मिनिटांचं बोलणं मी पंधरा मिनिटं बोललो. पण अडखळल्यानं काही हातचं जाणार नव्हतं. एका ‘क’वर बराच वेळ अडकलो तेव्हा पंच फक्त एवढंच म्हणाला, “दरबार थांबलाय.” आणि पुन्हा गप्प. शेवटी त्याची राणी म्हणाली, “या मानसाचा येक बी शबुद वाया जात न्हाई.”

माझ्या तोंडून बोलणारा वकील तोतरा असूनही त्याची वाणी अठरा कशी, याचं उत्तर मला तिथं सापडलं. कुणाशी बोलायचं, कधी बोलायचं, कोणती गोष्ट सांगायची आणि कोणती पोटात ठेवायची, हे त्याला कळत होतं. जिभेच्या वेगाशी अठराचा संबंध मीच लावून बसलो होतो. हे तिघं नसते तर जन्मभर तसाच बसलो असतो.

वर्षभर असं छान चाललं. कधी जिंकलो, कधी हरलो, पण अठरा वाणीच्या माणसाला फासा सहसा दगा देत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा जिंकलोच. मग शत्रूच्या सरदारानं बाईच्या किल्ल्याला वेढा घातला. हा किल्ला म्हणजे तिचा जीव की प्राण. त्याचा नकाशा तिनं स्वतः काढला होता, एकेक बुरूज, चोरवाट, पाण्याचं टाकं, दारूकोठार. आत तिची माणसं उपाशी बसलेली, टाकंही आटलेलं, फक्त ते शत्रूला ठाऊक नव्हतं. शेवटचा उपाय म्हणून वकिलाला सरदाराच्या तंबूत पाठवायचं ठरलं. त्यानं वेढा उठवायला लावला तर किल्ला वाचला. अठरा किंवा खाली काहीही चालणार होतं. बाई म्हणाली, “टाक रे. तुझ्यावर आहे सगळं.”

फासा टाकला. एकोणीस.

सगळ्यांच्या पडद्यावर तो आकडा होता. मग पंच, इतका कडक झालेला आमचा पंच, अगदी मऊ आवाजात म्हणाला, “नेट गेल्यालं का रं तुजं? परत टाक हवं तर.”

मोह झाला. बाईचा किल्ला होता तो. पण त्या मऊ आवाजातला सुभेदार मला ओळखू आला, हत्ती देणारा.

“न… न… नाही,” मी म्हणालो. “प… पडला तो पडला.”

आता बोलायचं होतं. हरायचं ठरलेलं, कसं ते माझ्या हातात. मी विचार केला, एवढा जाणता माणूस चुकेल तर कुठं चुकेल? चूक होईल ती मायेपोटी. म्हणून मी वकिलाला तंबूत उभा केला आणि त्याच्या तोंडून किल्ल्यातल्या बायकापोरांचं सांगायला लागलो. त्यांचे सुकलेले ओठ सांगितले. आणि बोलण्याच्या भरात वकिलाच्या तोंडून निघून गेलं की टाकं आटलंय, आता तरी दया करा. हे सगळं म्हणायला मला किती वेळ लागला देव जाणे. ‘टाकं’ शब्दावरच मी एवढा अडकलो होतो की मला वाटलं कुणीतरी आता पुरा करणार. कुणी केला नाही. तिघंही त्या शब्दाची वाट बघत होते. बाईला तर तो यायला लागलाय हे कळलं होतं, तिचा श्वास बदललेला मी ऐकला, तरी ती मध्ये पडली नाही.

पंचाचा सरदार सावकाश म्हणाला, “पानी न्हाई म्हंता? मग आमी थांबतो की हितंच.”

गोष्टीतल्या चार दिवसांनी किल्ल्याचे दरवाजे उघडले. त्यावर बाई जी भडकली! “टाकं आटलंय हे त्याला कशाला सांगितलंस? शत्रूला? अक्कल गहाण ठेवली होतीस का? दुसरं काय वाटेल ते बोलायचं होतंस, पावसाचं बोलायचं, खंडणीचं बोलायचं! माझा किल्ला घालवलास तू! दोन वर्षं बांधत होते मी तो!” पैलवान मध्ये काही बोलायला गेला तर त्यालाही तिनं गप्प केलं. मी “अगं, प… प…” करत होतो, तर म्हणाली, “पण-बिण काही नको सांगूस, पुढच्या रविवारी बघते तुझ्याकडे.” आणि ती निघून गेली.

मी खुर्चीत बसून राहिलो. कानशिलं तापली होती आणि डोळे भरून आले होते. आजवर लोकांनी माझं बोलणं सांभाळून घेतलं, समजून घेतलं, माफ केलं. ते कसं आहे यावरच सगळ्यांचं लक्ष. मी काय बोललो यावरून कुणी असं मनापासून, कडाकडा भांडलं नव्हतं. बाईचे उपकार कसे मानायचे तेच कळेना. पुढच्या रविवारी ती पुन्हा शिव्या देणार होती आणि मला तो रविवार कधी येतोय असं झालं होतं.

आई दारात येऊन उभी राहिली. आवाज तिच्यापर्यंत गेलाच होता.

“कोण बाई ओरडत होती रे तुझ्यावर?”

मी तिला सांगितलं, सावकाश, अडखळत, की मैत्रीण आहे, तिचा किल्ला गेला, माझ्या बोलण्यानं.

“तुझ्या बोलण्यानं?” आईनं विचारलं.

“हो,” मी म्हणालो. “माझ्याच.”